फिल्म कुणी धुतली? दादरचा बंगला आणि करावे गावातली मोरी

करावे गावात व्याख्यान, आणि तेही फोटोच्या रोलवर, म्हटल्यावर एवढी माणसं येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे.

सुरुवात आमच्या फजितीपासून करतो, कारण या विषयाकडे आम्ही वळलो ते त्या फजितीमुळेच. आमच्यातल्या एकाच्या घरी, जुन्या ट्रंकेत, स्टीलच्या डब्यात एक रोल सापडला. १२० नंबरचा, इंदू कंपनीचा, कागदाच्या पट्टीत गुंडाळलेला. पट्टी चिकटवलेली होती, म्हणजे फोटो काढून झाले होते पण रोल धुवायचा राहून गेला होता. क्लिक-थ्री कॅमेऱ्यात या रोलवर बारा फोटो निघायचे. कॅमेरा काकांचा. काका आता नाहीत. काकींना एवढंच आठवत होतं की घरासमोर भात झोडत होते तेव्हा काढलेत, आणि त्यात आई आहेत. आई म्हणजे काकींच्या सासूबाई. त्यांचा दुसरा फोटो घरात नाही.

एका स्टुडिओवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, काळ्या-पांढऱ्याचं काम आम्ही कधीच बंद केलं. मग आम्ही ठरवलं, घरीच धुवू. पुस्तकं वाचली, रसायनं आणली, मोरीच्या दाराला गोधडी लावली. महिना मे. नळाचं पाणी एकतीस अंश. पुस्तकात लिहिलं होतं वीस अंश. आम्हाला वाटलं, थोडं इकडेतिकडे चालतं. नाही चालत मंडळी. फिल्मवरचा जिलेटिनचा थर आधीच जुना, मऊ झालेला. कोमट पाण्यात तो फुगला आणि कडेने सुटायला लागला. टाकी उघडली तेव्हा पहिल्या काही चौकटींचा थर मोरीच्या जाळीकडे वाहत निघाला होता. बारातल्या पाच हाताला लागल्या. आईंच्या चौकटीत लुगड्याचा काठ, पावलं आणि उंबरा उरलाय. काकींनी उंबऱ्यावरून घर ओळखलं. चेहरा गेला.

काकी आम्हाला काही बोलल्या नाहीत. फिल्म दोरीवर चिमट्याने लावली होती तिच्याकडे बघून म्हणाल्या, "बोंबील सुकत घातलेस का रं?" एवढंच.

त्या दिवसापासून आम्हाला एक प्रश्न पडला. आपल्याकडे ही फिल्म घरात धुणारे पहिले लोक कोण? त्यांनी हे कसं निभावलं? उत्तर शोधत गेलो तर मराठी सिनेमाच्या, खरं तर भारतीय सिनेमाच्या जन्मापाशीच येऊन पोचलो. आणि तिथे एक भांडण दिसलं, ज्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे: फिल्म धुतली कुठे?

आता "धुणं" हा शब्द बघा. इंग्रजीतला शब्द उलगडण्याचा, वाढण्याचा आहे. आपण मात्र म्हणतो रोल धुवायला टाकला, जसे कपडे टाकतो. आम्हाला आपला शब्द जास्त खरा वाटतो. या कामात जादू थोडी आणि पाणी फार.

पार सुरुवातीला फोटो काढणारा आणि धुणारा एकच माणूस असायचा, दुसरा इलाजच नव्हता. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. तेव्हाच्या कोलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायचा. हातात मिनिटं असायची दहा-पंधरा. त्यामुळे जिथे कॅमेरा तिथे अंधारखोली, मग ती तंबूत असो की बैलगाडीत. पुढे १८८८ साली ईस्टमनने कोडॅक काढला. शंभर फोटोंचा रोल आत भरलेला, संपला की अख्खा कॅमेरा कारखान्याकडे परत पाठवायचा. फोटो काढणारा हात आणि धुणारा हात तिथे वेगळे झाले. आपल्या गोष्टीला हे महत्त्वाचं आहे, म्हणून लक्षात ठेवा.

७ जुलै १८९६. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ती बघून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागवला. सावेदादा स्वतः फोटोग्राफर, स्टुडिओचे मालक. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. कॅमेरा मराठी माणसाच्या हातात, पैलवान इथले, माती इथली. फिल्म धुवायला मात्र लंडनला. बोटीने जायची, बोटीने यायची. मधल्या काळात आपण काय टिपलंय हे टिपणाऱ्याला कळायचा मार्ग नाही.

मग १९१२. मालवणकडचे रामचंद्र गोपाळ तोरणे, वय बावीसच्या आसपास, यांनी 'पुंडलिक' काढला. १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये तो दाखवला गेला. म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या जवळजवळ वर्षभर आधी. तरी आपण पहिला भारतीय कथाचित्रपट म्हणतो तो 'राजा हरिश्चंद्र', प्रदर्शन ३ मे १९१३, त्याच कॉरोनेशनमध्ये. २०१३ साली शताब्दी साजरी झाली तीही याच तारखेवरून. का? तोरण्यांच्या विरोधात तीन मुद्दे सांगितले जातात. एक, ते नाटकाचंच चित्रण होतं. दोन, कॅमेरा जॉन्सन नावाच्या इंग्रजाने चालवला. आणि तीन, ती फिल्म धुतली लंडनमध्ये.

तिसरा मुद्दा ऐकून आम्ही थबकलो. म्हणजे पहिलेपणाचा मान कुणाला द्यायचा हे ठरवताना इतिहास विचारतो, बाबा, पाणी कुठलं होतं? निव्वळ या मुद्द्यावर तोरण्यांना बाजूला सारणं आम्हाला पटत नाही. तो न्याय लावला तर सावेदादांची कुस्तीही परदेशी ठरेल. पण मुद्दा पोकळ नाही हेही खरं. फिल्म ज्याच्या हातात धुतली जाते त्याच्या हातात तिचं नशीब असतं, हे आम्ही आमच्या मोरीत पाहिलंय.

तर दादासाहेब फाळके. त्यांचा सिनेमा आपल्याला माहीत असतो, त्यांचं रसायन माहीत नसतं. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, तिथे छायाचित्रण शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग लोणावळ्याला छपाईचा धंदा. म्हणजे वीस-बावीस वर्षं हा माणूस काच, जिलेटिन, आम्ल आणि शाई यांतच वावरत होता. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, वॉल्टनला सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, आणि १ एप्रिलला परत आले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कोरी फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मे महिन्यात मागाहून आलं.

बिऱ्हाड हललं दादरला, मथुरा भवन या बंगल्यात. त्या रस्त्याला आज दादासाहेबांचंच नाव आहे. आवारात काचेची एक खोली उभी केली, अंधारखोली केली, फिल्म धुवायची सोय केली. स्वयंपाकघरच प्रयोगशाळा झालं होतं, असंही सांगितलं जातं. यंत्रं जोडून झाल्यावर दादासाहेबांनी घरच्यांना फिल्मला भोकं पाडायला आणि फिल्म धुवायला शिकवलं. घरच्यांना म्हणजे मुख्यतः सरस्वतीबाईंना, त्यांच्या पत्नीला.

भोकांचं काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण त्याशिवाय कामाचा अंदाज येत नाही. सिनेमाच्या फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात. कॅमेऱ्यातले दात त्यात अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. आज ती कारखान्यातूनच पाडून येते. तेव्हा फिल्म कोरी यायची आणि भोकं वापरणाऱ्याने पाडायची. हे काम सरस्वतीबाई रात्री करत. आता हिशेब करू. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट. एका फुटात १६ चौकटी. प्रत्येक चौकटीला एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार अशी आठ भोकं. ३,७०० गुणिले १६ म्हणजे ५९,२०० चौकटी. गुणिले आठ, म्हणजे ४,७३,६०० भोकं. पावणेपाच लाख! आणि हा हिशेब फक्त पडद्यावर आलेल्या लांबीचा झाला. वाया गेलेली फिल्म वेगळी, दाखवायची प्रत छापायची तिला पुन्हा तेवढीच. यंत्राच्या एका दाबात एकापेक्षा जास्त भोकं पडतात हे धरलं तरी हात हलवायचाच आहे, आणि भोक केसभर सरकलं तर पडद्यावर हरिश्चंद्र थरथरणार.

एक सवलत मात्र त्यांना होती जी आम्हाला नव्हती. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. म्हणून तांबड्या दिव्याच्या उजेडात काम करता यायचं, प्रतिमा उमटताना डोळ्यांनी बघता यायची. आमचा रोल नंतरच्या जातीचा, सगळे रंग ओळखणारा. त्याला मिट्ट काळोखच लागतो. टाकीच्या चाकावर फिल्म चढवायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली, गोधडीआड, घामाच्या धारा. सराव असलेला माणूस तेच दोन मिनिटांत करतो.

पण सवलतीला दुसरी बाजू होतीच. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, ठिणगीने भडकणारी. आणि धुवायची ती बारा चौकटींची वीतभर गुंडाळी नव्हे, शेकडो फूट. त्या काळची रीत अशी की फिल्म लाकडी चौकटीवर गुंडाळायची, खाटेला नवार विणतो तशी, आणि ती अख्खी चौकट हौदात बुडवायची. आधी डेव्हलपर, मग पाणी, मग हायपो, मग पुन्हा भरपूर पाणी, मग मोठ्या लाकडी पिंपावर गुंडाळून वाळवणं. हायपो नीट धुऊन निघाला नाही तर फिल्म काही वर्षांत पिवळी पडते. म्हणजे शेवटचं, सगळ्यात कंटाळवाणं, निव्वळ पाणी बदलत राहण्याचं कामच फिल्मचं आयुष्य ठरवतं.

त्याच बाई त्याच काळात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत होत्या, नटांचे कपडे धूत होत्या, उन्हात पांढरी चादर धरून नटाच्या तोंडावर उजेड पाडत होत्या. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलेलं, अंगावरचे दागिनेही त्यातच गेलेले. तारामतीचं काम तू कर असं दादासाहेबांनी सुचवल्यावर त्यांनी नकार दिला असं सांगतात. ग्रँट रोडच्या हॉटेलातले अण्णा साळुंके तारामती झाले. सगळं मिळून सहा महिने सत्तावीस दिवस लागले. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पियात निमंत्रितांसाठी खेळ झाला.

या चित्रपटाची माहिती कुठेही छापलेली बघा. दिग्दर्शक दादासाहेब, हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके, रोहिदास भालचंद्र फाळके, कॅमेरा त्र्यंबक तेलंग. सगळी नावं योग्यच आहेत. फिल्म कुणी धुतली, हा रकाना बहुधा नसतोच. सरस्वतीबाईंचा उल्लेख येतो तो "पत्नीने मोलाची साथ दिली" या वाक्यात. आमचं म्हणणं साधं आहे. फिल्म इथे धुतली म्हणून 'राजा हरिश्चंद्र' पहिला, असा निकष तुम्ही तोरण्यांना लावता ना? मग ती कुणी धुतली तिचं नाव त्याच वाक्यात आलं पाहिजे. लंडनची प्रयोगशाळा मोजायची आणि दादरच्या घरातले हात मोजायचे नाहीत, हा हिशेब चुकीचा आहे. साथ कसली? ते खातंच होतं, आणि ते त्या सांभाळत होत्या.

जाता जाता एका दंतकथेबद्दल. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीचं चित्रण केलं, 'अंकुराची वाढ'. रोज एक चौकट, महिनाभर, आणि मिनिटभराची फिल्म, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आम्हीही इतकी वर्षं तसंच सांगत होतो. पण बोटांवर मोजा. महिन्याच्या चौकटी होतात तीस. सेकंदाला सोळा चौकटी धरल्या तर दोन सेकंदांत खेळ खलास. मिनिटभरासाठी साडेनऊशेच्या वर चौकटी हव्यात, म्हणजे दिवसाला तीस-बत्तीस. तेव्हा "रोज एक" हे खरं नसावं. कुंडीपाशी दिवसातून बऱ्याच वेळा कुणीतरी येऊन हँडल फिरवत होतं. घरात दिवसभर कोण असायचं, हे आम्ही सांगायला नको. अर्थात हा आमचा तर्क आहे, पुरावा म्हणून मांडत नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी प्रश्नोत्तरात भांडावं.

दादासाहेबांनंतर प्रयोगशाळा मोठ्या झाल्या, सिनेमाची फिल्म घरातून कायमची बाहेर पडली. घरात राहिला तो साध्या फोटोचा हौशी माणूस. त्याचा इतिहास आम्ही भराभर सांगतो. १९२७ मध्ये कोडॅकने डी-७६ नावाचं डेव्हलपर बाजारात आणलं. त्याचा नुसखा उघड होता, इतका साधा की पाठ व्हावा: मेटॉल दोन ग्रॅम, सोडियम सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच, बोरॅक्स दोन, पाणी एक लिटर होईपर्यंत. प्रिन्सेस स्ट्रीटवर रसायनं घ्यायची, बोरा बाजारात कॅमेऱ्याचं सामान, आणि घरी सोनाराच्या काट्यासारख्या तराजूवर वजन करायचं. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली. मग पूर्व जर्मनीची ओरवो फिल्म, आणि १९६७ पासून उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू. बडोद्याला बनणारा क्लिक-थ्री मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यातला कॅमेरा झाला. काकांकडे आला तो असाच.

आणि इथे आपलं गाव येतं. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित करायचं ठरलं, त्यात करावे. तोवर इथे भाताची खाचरं, खाडीचं पाणी अडवणारे बांध, मासेमारी. आज पाम बीच रस्त्यापलीकडे चाणक्यजवळ लोक मोठ्या लेन्स घेऊन रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला येतात. चांगलंच आहे. पण बांध कुठून कुठे जात होता, खळं कुणाच्या दारात होतं, हे दाखवणारे फोटो कुणी बाहेरच्याने येऊन काढलेले नाहीत. असले तर ते आपल्याच घरांत, असल्याच डब्यांत, कुणा काकांच्या क्लिक-थ्रीचे. शहराचे नकाशे सरकारी कचेरीत सुरक्षित आहेत. गावाची निगेटिव्ह ट्रंकेत आहे, आणि खाडीकाठच्या दमट हवेत तिला बुरशी लागतेय. म्हणून आम्हाला वाटतं की हे मोरीतलं काम पोरखेळ नाही.

आमच्यासारखी चूक तुम्ही करू नये म्हणून थोडं कामाचं सांगतो. बर्फ रसायनात टाकायचा नाही, ते पातळ होतं. बादलीत बर्फ-पाणी घ्यायचं आणि त्यात रसायनाच्या बाटल्या तासभर उभ्या ठेवायच्या. चोवीस अंशांपर्यंत उतरलं तरी निभावतं, फक्त वेळ कमी करायचा, अंशामागे साधारण दहा टक्के. डेव्हलपर, हायपो आणि धुवायचं पाणी या तिन्हींचं तापमान सारखं ठेवा, एक गार आणि एक कोमट असं झालं की थराला सुरकुत्या पडतात. आणि हायपोत तुरटी. हो, आपली दाढीची तुरटी, त्याच जातीची. तिने जिलेटिन घट्ट होतं. पुस्तकात हे लिहिलेलं होतं, आम्ही ते पान उलटून पुढे गेलो होतो. पहिल्यांदा करताना जिव्हाळ्याचा रोल कधीही घेऊ नका. नवा रोल आणा, म्हशीचे, भिंतीचे, कशाचेही फोटो काढा आणि तो बिघडवा. दादासाहेबांनीसुद्धा आधी आजूबाजूच्या मुलांचं खेळतानाचं चित्रण करून फिल्म धुऊन बघितली होती, हरिश्चंद्राला नंतर हात घातला. आम्ही उलट केलं.

'राजा हरिश्चंद्र'चं तरी काय उरलंय? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, आणि तेही १९१३ चं नसून १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाचं आहे असं काही अभ्यासक मानतात. चार रिळांतली दोन. आमच्या बारातल्या पाच. प्रमाण फार वेगळं नाही.

ज्यांच्या घरी जुन्या निगेटिव्ह असतील त्यांनी आज रात्रीच डबा उघडून बघा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती फिल्म बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, तो वास पसरतो म्हणजे रोगही पसरतो. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, साध्या कागदी पाकिटात ठेवा. ओल्या फडक्याने पुसू नका. आणि न धुतलेला रोल सापडला तर तो उजेडात उलगडून बघायचा मोह आवरा. आमच्याकडे आणून द्या. आता पाणी गार असतं.

पाच चौकटी पडद्यावर दाखवतो आहोत. पहिल्या दोन भाताच्या आहेत, तिसरी होडीची, चौथीत माणसं आहेत पण आम्हाला ओळखता आली नाहीत. पाचवी उंबऱ्याची. काकी इथे पुढेच बसल्या आहेत. मोठ्या माणसांनी जवळ या, चौथीतलं कुणी ओळखीचं वाटलं तर मोठ्याने नाव सांगा, आम्ही लिहून घेतोय. दादा, तेवढा दिवा घालवा.